लांबचं जवळ आणणारा कॅमेरा

गावाच्या जैवविविधता नोंदवहीत पक्ष्यांचे फोटो लावायचे, तर कॅमेरा कोणता घ्यायचा, यावर आमच्या गटात महिनाभर खल चाललाय. पैसा बचतीचा आहे, म्हणून आधी मागून आणलेला निकॉनचा पी ९०० वापरून पाहिला.

२०१५ साली आलेला हा कॅमेरा. ८३ पट झूम, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास, लेन्स बदलायची भानगड नाही. कारंजा-सोहोळच्या माळावर दूर उभ्या काळविटाच्या शिंगांचे पीळ यात स्पष्ट दिसतात, आणि त्याला बिचकवावं लागत नाही. घरट्याजवळ जायचीही गरज नाही. आम्हाला हेच सगळ्यात मोलाचं वाटलं.

पण आतला सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान. त्यात पूर्ण झूम केला की भिंगातून उजेड कमी येतो. जनावरं बाहेर पडतात नेमकी झुंजूमुंजू नि दिवेलागणीला, तेव्हा फोटो दाणेदार निघतो. उडत्या पक्ष्यावर फोकस बसेपर्यंत पक्षी पार शिवारापलीकडे! हात जरासा हलला तरी चित्र फिसकटतं. त्यावर तुरीनं अर्धी भरलेली पिशवी बांधावर ठेवून कॅमेरा टेकवायचा, हा उपाय लागू पडला. उन्हाळ्यातल्या दुपारी मात्र हवाच लहरते, तिथे कुठलाही झूम हात टेकतो.

पुढचा पी १००० तर १२५ पट झूमचा, पण वजन जवळपास दीड किलो. तो गळ्यात घालून दिवसभर कोण हिंडणार? नोंदीसाठी चोच, पाय, पंखांचा रंग ओळखू आला की भागतं. म्हणून चांगला राखलेला, वापरलेला पी ९०० घ्यावा, याकडे आमचा कल आहे.