पकडीचे मोल

बाजारात वस्तूची किंमत बोलीवरून ठरते. तिचे मोल मात्र वापराअंती कळते. या दोहोंत केवढे अंतर पडू शकते, ते आज आपल्या देशी कबड्डीच्या उदाहरणाने पाहण्याचा विचार आहे. ज्या हुतुतूस पूर्वी एक आखलेले मैदान आणि दमदार छाती एवढेच पुरे होते, ज्याचे प्रात्यक्षिक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथे दाखविले, त्या खेळात आता खेळाडूंचा लिलाव होतो. प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, राकेश कुमार यांस १२ लाख ८० हजार रुपये मिळाले, याचेच लोकांस नवल वाटले होते. आज बोली दोन कोटींच्या पलीकडे जाते.

२०२३ च्या ऑक्टोबरातील लिलाव घेऊ. चढाई करणारा पवन सेहरावत तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांस घेतला. इराणचा मोहम्मदरेझा शादलू पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांस घेतला. त्याच देशाचा फझल अत्राचली गुजरातने १ कोटी ६० लाखांस घेतला. शादलू आणि फझल दोघेही डाव्या कोपऱ्यावर उभे राहून पकडी करणारे. मग पाऊण कोटीचा फरक कशाचा? एकाचे वय कमी, हे एक कारण. दुसरे असे की, शादलू प्रसंगी चढाईही करतो. संघास एकंदर पाच कोटींचीच मर्यादा असताना एका गड्यावर जवळजवळ निम्मी रक्कम घालणे हे धाडसच होय.

आता या दुहेरी कामाचे गणित मांडू. चढाईवाल्याने एक गडी टिपला तर एक गुण; चढाईवाल्याची पकड झाली तरी एकच गुण. दोन्ही वेळा समोरचा एक गडी बाद होतो व आपला एक बाद गडी परत येतो. परंतु चढाईवाला एका दमात तीन-चार गडी टिपू शकतो. पकडणाऱ्यास तशी संधी नाही. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता केलेल्या पकडीस दोन गुण मिळतात, एवढीच त्याची भरपाई. शिवाय कोपऱ्याच्या धाकाने जो चढाईवाला रिकाम्या हाताने परततो, त्याची नोंद पकडणाऱ्याच्या नावावर होत नाही. मात्र लागोपाठ दोन चढाया अशा रिकाम्या गेल्या की, तिसरीत गुण मिळविणे अथवा बाद होणे भाग पडते. धाकाचे फळ असे आडमार्गाने पदरात पडते.

उलटपक्षी, कोपऱ्याचा गडी चढाईस जाऊन बाद झाला तर कोपरा ओस पडतो. म्हणजे जादा कामासाठी मूळ काम पणास लागते. चढाईवाले सारे बाद झाले असता त्याने पुढे व्हावे हे योग्य; एरवी त्याने आपली जागा धरावी हेच हिताचे.

परिणाम काय झाला? १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस पुण्याने हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून अजिंक्यपद मिळविले. त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक, म्हणजे ९९ गुण शादलूचे होते. तेलुगू संघ मात्र तळाशी राहिला. पुढे पुण्याने शादलूस लिलावास सोडले. हरियाणाने २ कोटी ७ लाखांस घेतले, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्याच बालेवाडीत पाटण्यास ३२-२३ असे हरवून हरियाणाने आपले पहिले अजिंक्यपद जिंकले. पुणे त्या वर्षी बाद फेरीतही नव्हते. अर्थात कर्णधार अस्लम इनामदार जायबंदी झाला होता, हेही विसरता कामा नये.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, शादलू ज्या घरी ते घर विजयी. परंतु थांबावे. २०२५ साली गुजरातने त्यास २ कोटी २३ लाखांस घेतले. अंतिम सामना मात्र दिल्ली आणि पुणे यांच्यात झाला व दिल्लीने तो ३१-२८ असा जिंकला. शादलूवाचून पुणे तेथवर पोहोचले, आणि शादलूसह गुजरात पोहोचले नाही!

माझ्या मते याचे कारण साखळीत आहे. हरियाणात जयदीप दहिया, राहुल सेठपाल यांच्यासारखे पक्के पकडवाले आधीच उभे होते; पुण्यासही अस्लमसारखे चढाईवाले होते. भोवतीच्या कड्या मजबूत असतील तरच हे पाऊण कोटी वसूल होतात. एकट्या कडीवर साखळीचा भार टाकणारा व्यापारी फसतो. म्हणून मी संघचालक असतो, तर प्रथम पकडीचे पैसे मोजले असते. चढाई येत असेल तर ती वरकड समजलो असतो.

हा विचार मला शाळेमुळे सुचला. मी मास्तर असताना मैदानावर मुले धावत येत, ती चढाई मागण्यास. कोपरा मागणारा मुलगा क्वचितच भेटे. आम्ही जो दुबळा दिसे त्यास तेथे उभा करीत असू, आणि बक्षीस चढाईवाल्यास देत असू. ती आमची चूक होती. पुढल्या स्नेहसंमेलनात आपल्या शाळेने एक बक्षीस कोपऱ्याच्या गड्यासाठी राखून ठेवावे, एवढीच पालकांस व शिक्षकबंधूंस माझी विनंती आहे.