बर्फातलं 'नको'



वर्गात मी कधी हात वर केल्याचं कुणाला आठवतंय का? उत्तर येत असलं तरी मी मान खाली घालून बसायचे. तीच मी आता हिवाळ्यात दर शनिवार-रविवारी अमेरिकेतल्या कॅस्केड पर्वतात लोकांना हिमस्खलनापासून जीव कसा वाचवायचा ते शिकवते. सोमवार ते शुक्रवार सिॲटलमध्ये कोडच लिहिते, काळजी नसावी!

स्की शिकले पस्तिसाव्या वर्षी. चार वर्षांनी आम्ही चौघं एका उतारावर होतो. रात्री ताजा बर्फ पडला होता, वर वारा. चालताना पायाखाली 'धप्प' असा आवाज आला. आतला कच्चा थर खचल्याची ती खूण, हे मी वाचलेलं होतं. पण बाकीचे माझ्याहून अनुभवी. म्हटलं, त्यांना कळत असेलच.

थोड्याच वेळात उतार सुटला आणि माझी मैत्रीण गाडली गेली.

आम्हा प्रत्येकाच्या अंगावर बीकन होतं. ४५७ किलोहर्ट्‌झवरचा तिचा संदेश पकडत गेलो, लांब सळई खुपसून जागा नक्की केली आणि फावड्यांनी उकरत सुटलो. दहाएक मिनिटं लागली असतील. पंधरा मिनिटांनंतर जगण्याची आशा झपाट्याने घटते. ती वाचली. रात्री म्हणाली, "आवाज मीही ऐकला होता. तू काही बोलली नाहीस, म्हणून वाटलं ठीक असेल."

१९१० साली याच पर्वतात वेलिंग्टनला बर्फात अडकलेल्या दोन आगगाड्या हिमस्खलनाने दरीत लोटल्या, ९६ माणसं गेली. त्यांना मागे फिरायला वाट नव्हती. आम्हाला होती.

मग रीतसर अभ्यासक्रम केले, पुढे शिकवू लागले. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार धोक्याचा, खड्डा खणून थर कसे तपासायचे, हे सगळं लोक पटकन शिकतात. बोलायला शिकवणं अवघड. म्हणून माझ्या गटात सगळ्यात नवखा आधी बोलतो, आणि एकाचं 'नको' सगळ्यांना लागू. कारण विचारायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात एक विशीतला मुलगा अगदी हळू म्हणाला, "मला हे बरं वाटत नाहीये." आम्ही परतलो. तो उतार त्या दिवशी काही सुटला नाही. बिचारा गाडीपर्यंत सगळ्यांची माफी मागत होता. त्याला थर्मासमधला आल्याचा चहा दिला आणि पुढच्या शनिवारीही ये म्हटलं.

आला तो.