आधी ओळख, मग फवारा
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही कीटकशास्त्राचा माणूस नाही. उभा जन्म बँकेत गेला. निवृत्तीनंतर मात्र सकाळ आपल्या बागेत जाते. तिथे केलेली एक चूक आज कबूल करतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी फाटकाजवळच्या जास्वंदीच्या शेंड्यांवर मावा दाटला होता. आपल्याकडे पऱ्हाटीवर येतो, तोच हा मावा. त्यातच काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, छोट्या मगरीसारख्या अळ्या फिरत होत्या. मला वाटलं, हेच चोर! माळीबुवा म्हणाले, "साहेब, थांबा ना जी, दोन दिवस पाहू." मी कशाला थांबतो? औषध आणलं, फवारलं. अळ्या मेल्या. पानांखाली दडलेला मावा तेवढा वाचला आणि पंधरा दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त झाला. पानं चिकट झाली, मुंगळे लागले.

पुढच्या वर्षी तशीच अळी दिसली. या वेळी ती बरणीत ठेवली, तोंडाला पातळ फडकं बांधलं. रोज माव्याची एक डहाळी टाकायचो आणि ती मावा फस्त करायची! मग तिचा कोष झाला, आणि काही दिवसांनी त्यातून नारिंगी पाठीवर काळी नक्षी असलेला ढालकिडा निघाला. नातीने टाळ्या वाजवल्या. मी मात्र खजील झालो. चोर सोडून मी चौकीदारालाच मारलं होतं.

या चौकीदाराची किंमत मोठी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संत्राबागा एका खवले किडीने बसायला आल्या होत्या. 1888-89 मध्ये ऑस्ट्रेलियातून ढालकिड्याची एक जात तिथे नेऊन सोडली आणि बागा वाचल्या. वरूड-मोर्शीच्या संत्र्याशेजारी राहणाऱ्या आपल्याला हे कळायला हवं.

पण ढालकिडा दिसला की मित्रच, असंही नाही बरं का! वांग्यावर त्याचाच एक भाऊबंद येतो. पाठीवर बहुधा 28 ठिपके, पाठ चकचकीत नाही, निस्तेज. त्याची अळी पिवळी, काटेरी. दोघंही पान खरवडून जाळी करतात.

म्हणून नुसतं रूप पाहू नका, किडा खातो काय ते पाहा. पान उलटून पाहा. फोटो काढा, झाड कोणतं ते लिहून ठेवा, दोन-तीन दिवस नजर ठेवा. तरी उमगलं नाही तर कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात तर कीटकशास्त्राचा विभागच आहे. तोवर मावा जास्त वाटला तर पाण्याची जोरदार धार मारा.

2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न होता. आपल्यापुढे फक्त जास्वंदीची फुलं आहेत, आणि त्याच झाडाखाली आपली नातवंडं खेळतात.

सही जुळल्याशिवाय मी कधी चेक पास केला नाही. जास्वंदीच्या बाबतीत तेवढा नियम मोडला. तुम्ही मोडू नका.