जुन्या पेनांचे दुखणे आणि त्यांचे जतन

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संकलित रूप)



मी पेशाने बँकेतला कारकून आणि शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु शाईच्या जुन्या पेनांची आवड मला कॉलेजपासून आहे. त्या आवडीपोटी जे वाचले आणि हाताळले, त्याच्या आधारे आज एका छोट्या विषयावर बोलणार आहे. विषय छोटा असला तरी तो आपल्यापैकी अनेकांच्या घरातला आहे.

आपल्या कितीतरी घरांत कपाटाच्या आतल्या कप्प्यात एखादे जुने पेन ठेवलेले असते. घरातला पहिला मॅट्रिक झालेला माणूस, पहिला शिक्षक किंवा पहिला कारकून ज्याने लिहीत होता, ते पेन. घरी जमीन नसेल, दागिने नसतील, पण हे पेन असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी डबीत ठेवून, डबी रुमालात गुंडाळून ते जपलेले असते. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, ते पेन सेल्युलॉइडचे असेल तर नेमके हे असे जपणेच त्याच्या मुळावर येते.

सेल्युलॉइड म्हणजे काय, हे आधी पाहू. सुरुवातीची फाउंटन पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असत. ती बहुधा काळी असत. रंगीत, चमकदार, संगमरवरासारखी नक्षी असलेली पेने आली ती सेल्युलॉइडमुळे. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक या दोन आम्लांची प्रक्रिया केली की सेल्युलोज नायट्रेट तयार होते. हीच प्रक्रिया जास्त केली तर बंदुकीसाठी स्फोटक मिळते. बेताने केली आणि त्यात कापूर मिसळला तर हवा तो आकार देता येईल असा पदार्थ मिळतो. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ च्या लंडन प्रदर्शनात अशा प्रकारचा पदार्थ मांडला. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट हस्तिदंताला पर्याय शोधत होते. त्यांनी १८७० मध्ये पेटंट घेऊन सेल्युलॉइडला बाजारात आणले. कंगवे, बाहुल्या, चष्म्याच्या फ्रेमी, सिनेमाची फिल्म अशा नाना वस्तू त्यापासून झाल्या. टेबल टेनिसचा चेंडू तर अगदी अलीकडेपर्यंत सेल्युलॉइडचाच होता. २०१४ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याची जागा दुसऱ्या प्लॅस्टिकने घेतली.

पेनांच्या व्यवसायात शेफर कंपनीने १९२४ मध्ये हिरव्या रंगाचे सेल्युलॉइडचे पेन आणले. १९२६ मध्ये पार्कर कंपनीने आपले ड्युओफोल्ड पेन सेल्युलॉइडमध्ये बनवले आणि त्या पदार्थाला नाव दिले 'परमनाइट', म्हणजे कायम टिकणारे! आज तेच 'कायम टिकणारे' पेन कुणाचे पिवळे पडले आहे, कुणाचे भेगाळले आहे. असे का व्हावे?

मित्रहो, लोखंडाला गंज बाहेरून चढतो, लाकडाला वाळवी बाहेरून लागते. सेल्युलॉइडचे दुखणे मात्र त्याच्या जन्माबरोबरच आत आलेले असते. उष्णता, उजेड आणि ओलावा यांमुळे त्यातले नायट्रेटचे बंध हळूहळू सुटतात आणि नायट्रोजनची आम्लधर्मी वाफ बाहेर पडते. ओलावा मिळाला की या वाफेचे आम्ल होते. हे आम्ल उरलेल्या बंधांवर तुटून पडते, त्यातून आणखी वाफ, आणखी आम्ल. म्हणजे रोगच रोगाला खाऊ घालतो. कारखान्यात आम्ल नीट धुऊन काढले नसेल तर ही साखळी लवकर सुरू होते.

दुसरे कारण कापूर. कापराची डबी उघडी राहिली तर काय होते हे घरातल्या आयाबहिणींना सांगायला नको. सेल्युलॉइडमधला कापूरही असाच वर्षानुवर्षे उडत राहतो. तो गेला की पेनाचा लवचीकपणा जातो, अंग आकसते, टोपण नीट बसत नाही आणि जरा दाब पडला की तडा जातो.

तिसरे कारण पेनाच्या पोटात असते. जुन्या पेनांत शाई साठवायला रबरी पिशवी असे. त्या रबरातल्या गंधकाची वाफ आतून लागून पेन काळवंडते. म्हणूनच फिक्या रंगाच्या जुन्या पेनाचे टोपण पुष्कळदा मूळ रंगात असते आणि खालची नळी मात्र तपकिरी झालेली दिसते, कारण पिशवी नळीत असते, टोपणात नव्हे.

सगळ्या पेनांना हा त्रास सारखा होत नाही. अपारदर्शक रंगासाठी घातलेला झिंक ऑक्साइड आम्लाला मारक ठरतो, त्यामुळे अशी पेने अधिक टिकतात. पारदर्शक, मोत्यासारखी किंवा कासवाच्या पाठीसारखी दिसणारी पेने लवकर जातात. जे दिसायला सर्वांत देखणे, तेच सर्वांत नाजूक.

आता डब्याकडे वळू. लॉकरमध्ये ठेवलेली वस्तू सुरक्षित असते असे आमचे ग्राहक मानतात. चोरापासून ती सुरक्षित असतेही. पण सेल्युलॉइडचा चोर आत बसलेला आहे. घट्ट बंद डबीत त्याची वाफ कोंडते आणि नाश अधिक वेगाने होतो. शिवाय ती वाफ शेजाऱ्यालाही सोडत नाही. एका डब्यात दहा पेने असली आणि एक बिघडले, तर इतर सेल्युलॉइडची पेने, त्यांच्या धातूच्या पट्ट्या, डब्यातले कागद आणि कापड यांनाही झळ पोचते.

याच पदार्थाच्या सिनेमा-फिल्मचे काय झाले, हे आपल्या पुण्यानेही पाहिले आहे. १९५१ च्या सुमारास कारखान्यांनी नायट्रेट फिल्म बनवणे सोडले, पण जुना साठा राहिला. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागून अनेक जुन्या चित्रपटांच्या प्रती नष्ट झाल्या. घरातले एक पेन आपोआप पेट घेईल असे मला म्हणायचे नाही, परंतु ते देवघरातल्या दिव्याजवळ किंवा शेगडीजवळ ठेवू नये, हे उघड आहे.

मग करावे काय? पहिले म्हणजे पेन कशाचे आहे ते ओळखावे. नळी सुती कापडाने जोरात घासून वास घ्यावा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, रबराचा किंवा गंधकाचा आला तर एबोनाइट. कुणी तापलेली सुई टोचून बघायला सांगितले तर ऐकू नये. सेल्युलॉइड चटकन पेटते.

पेनाला हवा लागू द्यावी. प्लॅस्टिकची पिशवी काढून टाकावी. एका साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकण सैल ठेवून, प्रत्येक पेन वेगळे ठेवावे. खोके ऊन, दिवा आणि तापणारी भिंत यांपासून दूर, घरातल्या थंड व कोरड्या जागी असावे. पावसाळ्यात जवळ सिलिका जेलची पुडी ठेवावी. रबरी पिशवी बदलायची वेळ आली तर कारागिराला सिलिकॉनची बसवायला सांगावी. धुताना साधे गार पाणी वापरावे. गरम पाणी, स्पिरिट आणि नखांचा रंग काढायचे द्रव यांचा स्पर्शही होऊ देऊ नये.

महिन्यातून एकदा तरी पेन हातात घेऊन पाहावे. पृष्ठभाग घामेजल्यासारखा चिकट लागतो का, नाकाला झोंबणारा आंबट वास येतो का, आत स्फटिकासारख्या बारीक भेगा दिसतात का, पट्टीवर हिरवी बुरशीसारखी पूड जमते का, हे तपासावे. यांतले एक जरी लक्षण दिसले तरी ते पेन त्याच दिवशी इतरांपासून दूर करावे.

हे दुखणे बरे करणारे औषध नाही. पॉलिशने वरची चमक येते, आतली भेग भरत नाही. आपण फक्त वेग कमी करू शकतो. म्हणून विद्यार्थी मित्रांना माझी एक विनंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि विचारा, हे पेन कुणी घेतले, कोणत्या साली, किती पगारात, त्याने काय काय लिहिले? ते एका वहीत उतरवा, तारीख घाला, पेनाचा फोटो काढून शेजारी चिकटवा. सेल्युलॉइड जाईल, पण त्याच्यामागची कष्टांची हकिकत जायचे कारण नाही.

आणखी एक. पेनाची नळी गेली तरी निब पुष्कळदा शाबूत राहते. चांगल्या जुन्या पेनांची निब चौदा कॅरट सोन्याची असे आणि तिला या वाफेचे सहसा काही होत नाही. नळी पुरती भेगाळली असेल तर जाणत्या कारागिराकडून निब वेळीच काढून घ्यावी. एबोनाइटची पेने आजही आपल्या देशात कातली जातात. अशा एखाद्या पेनात ती बसवता आली तर आजोबांच्या निबेने नातीला परीक्षेचा अर्ज भरता येईल. डबीत बंद राहून तुकडे होण्यापेक्षा हा शेवट, किंवा खरे तर ही सुरुवात, मला अधिक बरी वाटते.

आज घरी गेल्यावर ती डबी एकदा उघडा, एवढीच विनंती करून मी माझे भाषण संपवतो.