पुसलेल्या सीमेच्या कांठानें



शाळेंत इतिहास शिकवीत असतांना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीचा नकाशा मीं फळ्यावर किती वेळां काढला असेल याची गणती नाहीं. देशाची बाह्यरेषा पुरी झाली कीं खडूचा तुकडा आडवा धरावयाचा आणि वरून खालीं एक जाड रेघ ओढावयाची. डावीकडे पश्चिम जर्मनी, उजवीकडे पूर्व जर्मनी. मुलें ती वहींत उतरून घेत आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असूं. ती रेघ प्रत्यक्षांत सुमारें १,३९३ किलोमीटर लांबीची होती. गेल्या सप्टेंबरांत तिच्या उत्तरेकडील एका लहानशा तुकड्यावरून दोन दिवस सायकल चालविण्याचा योग मला आला, आणि त्या रेघेच्या जाडींत किती गांवें बुजून गेलीं होतीं हें त्या दोन दिवसांत कळलें.

माझी मुलगी हांबुर्ग येथें नोकरीस आहे. तिनें माझ्यापुढें जी सायकल आणून उभी केली ती पाहून मी प्रथम खट्टू झालों. मडगार्ड नाहीं, कॅरिअर नाहीं, स्टँडहि नाहीं. भिंतीला टेकवून ठेवावयाची. हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणें मेंढ्याच्या शिंगासारखें खालीं वळलेलें, पण टायर मात्र दोन बोटें रुंद, नक्षीदार, आणि त्यांत हवा बेताचीच भरलेली. या सायकलीला ग्रॅव्हल बाइक म्हणतात, म्हणजे खडीवरून जाणारी सायकल. डांबरी रस्ता संपून शेतवाट लागली, मुरूम लागला, जंगलांतली पानगळ लागली तरी तिची चाल फारशी मोडत नाहीं. मीं तीस वर्षें सायकलवरून शाळेंत जा-ये केली, पण ती आमची काळी, जड, सरळ हँडलची सायकल. तिला येथें आणली असती तर पहिल्याच चढावर मीं खालीं उतरून ती ढकलली असती.

जातां जातां सांगावेंसें वाटतें कीं, दोन चाकें एकामागें एक लावून माणसानें त्यांवर बसावें ही कल्पना मूळची जर्मनीचीच. १२ जून १८१७ रोजीं कार्ल ड्राइस नांवाचा गृहस्थ मानहाइम शहरांतून अशा लांकडी वाहनावर बसून निघाला. त्याला पायटे नव्हते. जमिनीवर पाय मारीत पुढें सरकावयाचें. तरीहि जाऊन येऊन चौदा-एक किलोमीटरांचें अंतर त्यानें तासाभराच्या आंत काटलें असें सांगतात.

आमचा प्रवास सुरू झाला रात्सेबुर्ग येथून. हें गांव तळ्यांतील एका बेटावर वसलेलें आहे. बेटाच्या उत्तर टोकास बाराव्या शतकांत हाइनरिश द लायन या सरदारानें स्थापिलेलें तांबड्या विटांचें भव्य चर्च आहे. गंमत अशी कीं, १९३७ पर्यंत या चर्चचें आवार मेक्लेनबुर्गच्या मालकीचें आणि शेजारचा बाजार लाउएनबुर्गचा, म्हणजे प्रशियाचा होता. आपल्याकडे सांगली-मिरजेच्या बाजूला पटवर्धनांच्या संस्थानांची गांवें एकमेकांत कशीं गुंतलेलीं असत हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचें नवल वाटणार नाहीं. तळ्याच्या पूर्वेस बेक, मेशो, त्सीटेन व रोम्निट्स हीं चार लहान गांवें; तींहि मेक्लेनबुर्गचींच. शतकानुशतकें या सीमेचा उपद्रव कोणास झाला असेल तर तो करवसुली करणाऱ्या कारकुनांस.

पण युद्ध संपण्यापूर्वींच, १९४४ सालीं लंडनमध्यें दोस्त राष्ट्रांनीं जर्मनीची वांटणी ठरविली ती या जुन्या प्रांतांच्या सीमा धरून. मेक्लेनबुर्ग रशियाच्या वांट्यास आलें, लाउएनबुर्ग ब्रिटिशांच्या. जुलै १९४५ मध्यें प्रत्यक्ष ताबा बदलला तेव्हां असें दिसून आलें कीं, रशियन सैन्य रात्सेबुर्गच्या दारांत येऊन उभें आहे, आणि दक्षिणेकडे शालझे या मोठ्या तळ्यापलीकडचीं देशो, ग्रोस टूरो व लासान हीं गांवें मात्र ब्रिटिशांच्या पदरांत लोंबत आहेत. दोघांसहि पहारा ठेवणें अडचणीचें. तेव्हां १३ नोव्हेंबर १९४५ रोजीं गाडेबुश येथें ब्रिटिशांचे मेजर जनरल बार्बर आणि रशियनांचे मेजर जनरल ल्याश्चेंको यांनीं एका करारावर सह्या केल्या. रात्सेबुर्गच्या पूर्वेचीं तीं चार गांवें ब्रिटिशांकडे आलीं. देशो, टूरो, लासान रशियनांकडे गेलीं. मेशो आणि देशो हीं नांवें सख्ख्या बहिणींसारखीं. एक पश्चिमेस गेली, दुसरी पूर्वेस. महिन्याच्या अखेरीस अदलाबदल पुरी झालीहि.

तळ्याच्या कांठापासून बेकचा चढ चढून, जेथें पूर्वीं पाण्याच्या चाकांवर तांबें कुटण्याच्या गिरण्या चालत त्या ओढ्याच्या कांठानें आम्ही मेशोस पोंचलों. तेथून श्लाग्सडोर्फ जवळच आहे, पण १९८९ पर्यंत तें दुसऱ्या जगांत होतें. येथें सीमेचें एक नेटकें संग्रहालय आहे. संग्रहालयांत जें तक्त्यांवर वाचलें तें बाहेर पडल्यावर चाकांखालीं लागलें, कारण येथूनच ती प्रसिद्ध पहाऱ्याची वाट धरतां येते. जर्मन लोक तिला कोलोनेनवेग म्हणतात. गस्तीच्या मोटारी चिखलांत रुतूं नयेत म्हणून सिमेंटच्या फरशांच्या दोन समांतर पट्ट्या रानांतून टाकलेल्या आहेत. फरशांना ओळीनें भोकें आहेत, आणि त्यांतून आतां गवत वर आलें आहे. अरुंद टायर या भोकांत अडकून माणूस डोक्यावर पडावा. आमच्या रुंद टायरांनाहि त्यांनीं असा खडखडाट करावयास लावलें कीं माझे दांत वाजूं लागले. मुलगी पुढून ओरडली, "बाबा, मधल्या गवतावरून या!" तें ऐकलें म्हणून निभावलें. ज्या वाटेवरून माणसानें जाऊंच नये अशी योजना होती, ती वाट अजूनहि सुखासुखी जाऊं देत नाहीं.

२६ मे १९५२ रोजीं पूर्व जर्मनीच्या सरकारनें ही सीमा बंद केली. कांठची दहा मीटर जमीन नांगरून उघडी ठेवली, म्हणजे पाऊल उमटलें तर दिसावें. पांचशें मीटरपर्यंत कडक पहारा. आणि पांच किलोमीटरपर्यंत परवान्यावांचून प्रवेश नाहीं. त्याच उन्हाळ्यांत या पट्ट्यांतील आठ हजारांवर लोकांना, ते विश्वासार्ह नाहींत असें ठरवून, घरांतून उठवून आंतल्या मुलखांत नेलें. त्या मोहिमेला सरकारी दप्तरांत जें गुप्त नांव होतें त्याचा अर्थ 'किडे-उवा' असा होतो. मी मास्तर माणूस, शब्दांवर अडतों. सुरुंग आणि तारांपेक्षां तो शब्दच मला अधिक बोंचला. पुढें कुंपण आलें, सुरुंग आले, टेहळणीचे मनोरे आले. लांको नांवाचें एक गांव तळ्याच्या कांठीं होतें. सीमेस फार जवळ, एवढाच त्याचा अपराध. तें रिकामें करून जमीनदोस्त केलें. आम्ही तेथें उतरलों तेव्हां गवतांत जुनीं सफरचंदाचीं झाडें ओळीनें उभीं होतीं, आणि फळें खालीं पडून कुजत होतीं. रानांत झाडें ओळीनें उगवत नाहींत.

दुसऱ्या दिवशीं देशोवरून आम्ही लासानला गेलों. शालझे हें तळें सुमारें सत्तर मीटर खोल आहे. चाळीस वर्षें माणसाचा पाय न लागल्यानें त्याच्या कांठीं पक्ष्यांना मोकळें रान मिळालें. क्रौंच पक्षी शरद ऋतूंत येथें थव्यांनीं उतरतात, आणि त्यांचा कर्ण्यासारखा आवाज आम्हांस दूरवर ऐकूं येत होता. लासानच्या चर्चच्या आवारांत एक वृद्ध गृहस्थ थडग्याभोंवतालचें गवत काढीत होते. वय पंच्याऐंशीच्या पुढें. मुलीनें दुभाष्याचें काम केलें. नोव्हेंबर १९४५ मध्यें ते सहा वर्षांचे होते. ब्रिटिशांनीं सांगितलें, राहावयाचें तर राहा, पण उद्यां रशियन येतील. बहुतेक सारें गांव निघालें. गाई बरोबर घेतल्या. "पण बटाटे नुकतेच खड्ड्यांत घालून वर पेंढा-माती लोटली होती," ते म्हणाले, "ते उकरावयास वेळ नव्हता. वडील मरेपर्यंत घराविषयीं फारसें बोलले नाहींत, त्या बटाट्यांविषयीं बोलत." पुढें हें कुटुंब तळ्याच्या पलीकडल्या कांठीं राहिलें. स्वच्छ दिवशीं पाण्यावरून याच चर्चचा मनोरा दिसे. आजीच्या थडग्यापाशीं येण्यास त्यांना चव्वेचाळीस वर्षें लागलीं.

गांवाशेजारीं पुलानें जोडलेलें श्टिंटेनबुर्गचें बेट आहे. तें आल्ब्रेश्ट फोन बेर्नस्टोर्फ यांच्या घराण्याचें. हे लंडनच्या जर्मन वकिलातींत दहा वर्षें होते, हिटलर येतांच त्यांची तेथील कारकीर्द संपली, आणि ज्यूंना मदत करणें त्यांनीं सोडलें नाहीं. १९४३ मध्यें त्यांना अटक झाली आणि एप्रिल १९४५ मध्यें, बर्लिन पडण्यास कांहीं दिवस उरले असतांना, एस. एस. च्या लोकांनीं त्यांस ठार केलें. त्यांचें गांव कोणाच्या हातीं जाणार याचा सौदा सात महिन्यांनीं झाला.

९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्रीं सीमा उघडली. पुढच्याच महिन्यांत होफ येथें दोन्हीकडच्या निसर्गप्रेमींनीं एकत्र जमून या साऱ्या पट्ट्यास हिरवा पट्टा म्हणून राखावें असा ठराव केला, आणि त्यामुळेंच आम्हांस ती वाट मिळाली. ३ ऑक्टोबर १९९० रोजीं देश एक झाला. पण गाडेबुशचा सौदा मात्र कोणी उलटविला नाहीं. एल्बे नदीकांठचा आम्ट नॉयहाउस हा भाग १९९३ मध्यें आपल्या जुन्या प्रांतांत परत गेला. हीं गांवें गेलीं नाहींत. मेशो आज श्लेस्विग-होल्श्टाइनमध्यें आहे, देशो मेक्लेनबुर्गमध्यें. मीं त्या गृहस्थांना विचारलें, परत यावेंसें वाटलें नाहीं काय? त्यांनीं हातांतलें गवत टोपलींत टाकलें आणि मुलीकडे पाहून कांहीं म्हणाले. ती हंसली. "बाबा, ते म्हणतात, तीन पिढ्यांचा नळाचा आणि कचऱ्याचा हिशेब आतां कोण बदलणार?"

त्सारेन्टीनला तळ्याकांठच्या जुन्या मठाजवळ जेवून आम्ही पश्चिमेस ब्यूशेनच्या स्टेशनाकडे वळलों. सीमा ओलांडावयाच्या जागीं रस्त्याच्या कडेस एक तपकिरी पाटी असते: येथें अमुक तारखेपर्यंत, अमुक वाजेपर्यंत जर्मनी व युरोप विभागलेले होते. तारखेबरोबर वेळहि दिलेली असते. मी ती पाटी पाहून थांबलों आणि सायकल टेकवावयास भिंत शोधूं लागलों. भिंत नव्हती, मग तिलाच टेकवली.