सौरसंचातील बॅटरीचा रखवालदार



शाळेतील किंवा आरोग्य उपकेंद्रातील सौरसंच बंद पडला की दोष बहुधा बॅटरीच्या माथी मारला जातो. वस्तुतः बॅटरीचे आयुष्य पुष्कळ अंशी शेजारच्या लहानशा पेटीवर अवलंबून असते. ही पेटी म्हणजे चार्ज कंट्रोलर.

३६ घटांच्या सौरपॅनेलचा दाब, त्यास काही जोडलेले नसताना, सुमारे २१ व्होल्ट असतो. ते १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीस थेट जोडले, तर बॅटरी भरल्यावरही प्रवाह जात राहतो. त्यामुळे द्रावणातील पाणी आटते आणि प्लेटा झिजतात. म्हणून कंट्रोलर बॅटरी टप्प्याटप्प्याने भरतो.

पहिल्या टप्प्यात पॅनेलकडून मिळेल तेवढा प्रवाह बॅटरीस दिला जातो. दाब सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चढला की दुसरा टप्पा सुरू होतो. दाब तेथेच स्थिर राहतो व बॅटरी भरत जाईल तसा प्रवाह घटतो. हा टप्पा सावकाश चालतो. परंतु तो वारंवार अपुरा राहिला, तर प्लेटांवरील शिशाचे सल्फेट कठीण होऊन बॅटरीची धारणशक्ती घटते. तिसऱ्या टप्प्यात दाब सुमारे १३.६ व्होल्टवर आणून भरलेली बॅटरी केवळ भरलेली राखली जाते.

हे आकडे २५ अंश सेल्सिअस तापमानाचे आहेत. विदर्भातील उन्हाळ्यात बॅटरी ४० अंशांपर्यंत तापली, तर भरण्याचा दाब पाव ते अर्धा व्होल्ट कमी ठेवावा लागतो. तापमान ओळखणारा कंट्रोलर हा फरक स्वतःच करतो.

रात्री बॅटरीचा दाब ११ व्होल्टच्या आसपास उतरला की कंट्रोलर दिवे तोडतो. अशा वेळी काही ठिकाणी कंट्रोलर वगळून दिव्याची तार थेट बॅटरीस जोडली जाते. तासभर अधिक उजेड मिळतो खरा. पण असे वारंवार घडल्यास बॅटरी अकाली निकामी होते आणि पुढे कित्येक रात्री अंधारात काढाव्या लागतात.

तेव्हा ग्रामपंचायतींनी व शाळांनी तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. कंट्रोलर कधीही वगळू नये. पाण्याच्या बॅटरीत वेळोवेळी केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घालावे. बॅटरी बदलताना, विशेषतः लिथियमची बसविताना, कंट्रोलरची मांडणी तिच्या प्रकारानुसार तज्ज्ञाकडून बदलून घ्यावी. सूर्यप्रकाश विनामूल्य मिळतो, बॅटरी मात्र गावाच्या पैशातून येते. तिचे रक्षण हे सार्वजनिक निधीचेच रक्षण होय.