पाहा, ऐका, बोला
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



दक्षिण कोरियात नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी विद्यापीठ प्रवेशाची ‘सुनुंग’ परीक्षा असते. इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना देशभरातली विमाने उडायची-उतरायची थांबतात. मुलांसाठी एवढे जपणाऱ्या या देशात किशोरवयीनांच्या मृत्यूचे पहिले कारण आजार नव्हे, अपघात नव्हे, तर आत्महत्या आहे.

शाळा सुटली की ‘हागवॉन’, म्हणजे खासगी शिकवणी. सोलमध्ये ती रात्री १० वाजता बंद करण्याचा नियम करावा लागला. पण दोष एकट्या परीक्षेचा नाही. नैराश्य, घरातला ताण, शाळेतला छळ, एकटेपणा असे बरेच काही एकत्र येते.

२०११ साली तिथे आत्महत्या प्रतिबंधाचा कायदा झाला. पुढे सर्वसामान्यांसाठी प्रशिक्षण आले. त्याचे नाव ‘पाहा, ऐका, बोला’. मूल अबोल झाले, झोप-जेवण बिघडले, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागले, तर पाहा. ‘मरणाचे विचार येतात का रे?’ असे सरळ विचारा आणि उपदेश न करता ऐका. मग डॉक्टरांशी, समुपदेशकाशी बोला. तोवर मुलाला एकटे सोडू नका. विचारल्याने तसा विचार मनात शिरतो, हा गैरसमज आहे.

तिथे २०२४ पासून मदतीसाठी १०९ हा एकच क्रमांक आहे. आपल्याकडे ‘टेली-मानस’चा १४४१६ आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. आरतीच्या पुस्तकावर तो आजच लिहून ठेवा. निकालाच्या दिवशी ‘किती टक्के?’ विचारण्याआधी ‘कसा आहेस?’ एवढे विचारा.

गणपती बाप्पा मोरया!